साल्ट तेच आहे

मिठाची बरणी माझ्या पेटीत कशी आली, ते आधी सांगायला हवं. पत्र्याची पेटी होती माझी, गावाहून आणलेली, झाकणावर गुलाबाची फुलं रंगवलेली. आत तीन ड्रेस, मायनं दिलेलं लुगड्याचं धडपं, आठवीचं प्रगतिपुस्तक आणि या सगळ्याच्या मधोमध, जुन्या ओढणीत गुंडाळलेली, पदीकाकीची मिठाची बरणी. डॉक्टरांनी काकीला मीठ बंद केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बरणी पोटाशी धरून माझ्या खोलीच्या दारात आली. ‘‘घे गो मंगले,’’ म्हणाली, ‘‘कुलपात ठेव. चावी तुज्याकरंच ठेव. मी मागला तरी देऊ नको, पाया परला तरी देऊ नको.’’ मग स्वतःच हसली. ‘‘पाया परनार नाय म्हना. घाटनीच्या पाया कोन परतं?’’

मी मराठवाड्यातली, म्हणून तिच्या लेखी घाटीण. पहिल्या पहिल्यांदा मला तो शब्द टोचायचा. पुढे पुढे कळलं की काकीनं कुणाला अहो-जाहो केलं तर समजावं, ती त्याच्यावर रागावलेली आहे.

पदीकाकी म्हणजे आमची घरमालकीण. पनवेलच्या कडेला जुनं गावठाण आहे, त्यात तिच्या चार खोल्यांची चाळ. पुढे हायवे, मागे उभ्या राहणाऱ्या इमारती, आणि मधे ही कौलारू चाळ, दारात तुळस आणि एक शेवग्याचं झाड. तिच्या सासरचं मिठागर होतं उरणच्या बाजूला. ते गेलं, कुठल्याशा प्रकल्पात. पैसे आले, त्यात मुलाचा खारघरला फ्लॅट झाला, दोन डंपर झाले. नवरा गेला. काकी चाळीत राहिली. मुलगा सणावारी यायचा, पेढ्यांचा बॉक्स ठेवायचा, गाडी सुरूच ठेवून दहा मिनिटं बसायचा. ‘‘त्याच्याकरं पैसं मागू?’’ काकी म्हणायची. ‘‘मी वरसानुवरसं उन्हात मीठ ओरलाय. आता सुनेच्या तोंडाकडं बगत पानी पिऊ?’’

पायाच्या टाचांना मिठाच्या भेगा होत्या तिच्या, कधीच न बुजलेल्या. आणि जीभ अशी की जाड्या मिठाचा एक खडा तोंडात टाकला की सांगायची, हा पहिल्या काढणीचा, हा शेवटचा, ह्यात माती हाय. बाजारातलं पांढरं शुभ्र पिशवीचं मीठ तिला मीठच वाटायचं नाही. ‘‘हा पावडर हाय. तोंडाला लावाची.’’

मी तिथं आले ती भावाच्या मागे. भाऊ खारघरच्या इमारतींवर गवंडीकाम करायचा. माझी आठवी झाली, नववीची फी आणि दुसऱ्या गावच्या शाळेचं अंतर दोन्ही जमेना, म्हणून मायनं मला त्याच्याबरोबर लावून दिलं, त्याला भाकरी करून घालायला. वर्षभरानं भाऊ एका ठेकेदाराबरोबर सुरतेला गेला. दोन महिन्यांत येतो म्हणाला. दोनाचे सहा झाले. मी तोवर लाईन आळीतल्या एका ब्लाउजच्या दुकानात हुक-काजं आणि तुरपाई करायला लागले होते, पण त्या पैशात खोलीचं भाडं आणि घरी पाठवायचे पैसे, दोन्ही बसत नव्हतं. एके दिवशी पेटी भरून काकीकडे गेले आणि म्हणाले, ‘‘काकी, मी जाते गावाकडं. भाडं देणं होईना मला.’’

ती वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘भारा कोनी मागला?’’

‘‘पण काकी...’’

‘‘तुला वाचाला येतं ना? मग मना गोल्या आनून दे, त्यावरचा वाचून दे. तोच तुजा भारा. आनि बस, वाल सोल. उभी राहून काय बगतंस?’’

त्या दिवशी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी तिच्याच ताटात जेवले मी. आमच्याकडे ज्वारीची भाकर, तिची चव वेगळी, भूक वेगळी. पण त्या पांढऱ्या भाकरीचा वाफेचा वास अजूनही आला की माझा जीव आधी निवतो आणि लगेच खाली मान घालतो. एवढ्या वर्षांत त्यातलं एकही कमी झालेलं नाही.

वाचता येणं हे काकीच्या दृष्टीनं फार मोठं होतं. विहिरीवर, किराणा दुकानात, हळदीच्या मांडवात, जिथं जाईल तिथं ती सांगायची, ‘‘आमची घाटीन शिकलेली हाय. इंग्लीस वाचतं.’’ मी आठवी पास, इंग्रजीत पस्तीस मार्क, तेही गुरुजींनी दया करून दिलेले. पण शेजारच्या बाया विजेची बिलं घेऊन यायला लागल्या, गॅसची पावती, नळाची नोटीस. मला जे कळायचं ते सांगायची. जे कळायचं नाही तेही सांगायची. ‘नाही कळत’ हे दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात. असं वाटायचं, ज्या दिवशी हे निघतील त्या दिवशी त्या घरातलं माझं भाडं थकेल.

काकीचा आजार हृदयाचा होता. पाय सुजायचे, चार पावलं चालली की धाप. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, मीठ बंद, सुकी मासळी बंद, पापड-लोणचं बंद. आगरी घरात सुकट बंद म्हणजे निम्मं स्वयंपाकघरच बंद. जवळ्याची चटणी, बोंबलाचं कालवण, कसलंच काही नाही. अळणी वरण, अळणी भाजी. पहिला घास घेतला की काकी डोळे मिटून घ्यायची आणि म्हणायची, ‘‘म्हशीच्या गव्हानीतला बरा.’’ मीही तिच्याबरोबर अळणीच जेवायची. तिला एकटीला कसं खायला लावायचं? सगळ्या चाळीत माझं कौतुक झालं त्याचं. आता खरं सांगते, रुमालाच्या गाठीत मी चिमूटभर मीठ बांधून न्यायची आणि दुकानात डब्यातल्या भातावर टाकून खायची. तिच्याच बरणीतलं.

औषधं टपाल नाक्याजवळच्या मेडिकलमधून आणायची. दुकानदार मध्यमवयाचे गृहस्थ, नाकावर चष्मा, हातात कायम कात्री. त्या कात्रीचा आवाज मला अजून ऐकू येतो. आमच्यासारखी माणसं पूर्ण पट्टी घेत नाहीत हे त्यांना माहीत होतं. ‘‘किती देऊ? पाच? सहा?’’ आणि कच्‌. पट्टीचा तुकडा कापताना बहुतेक वेळा नाव दुकानाकडच्या अर्ध्यावर राहायचं आणि तारीख आमच्या तुकड्यावर, किंवा उलटं. काकी गोळ्या नावानं ओळखायचीच नाही. ‘‘पिवली सकालची, पांढरी दोन वेलंची,’’ एवढंच तिचं शास्त्र.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी पांढरी गोळी बदलली. नवी गोळीही पांढरीच, लहानशी, पण किमतीला आधीच्या सहापट. काकी महिन्याला ठरलेली रक्कम माझ्या हातात द्यायची, चंचीतून काढून, एकेक नोट ताणून. ती रक्कम तीच राहिली, कारण मी तिला नवी किंमत सांगितलीच नाही. का नाही सांगितली? एकदा एका टॉनिकची किंमत ऐकून तिनं ती बाटली शेवग्याच्या बुंध्याशी ओतली होती. ‘‘झाराला लागू दे. शेंगा तरी चांगल्या येतील.’’ गोळीचंही ती तेच करणार, हे मला माहीत होतं. म्हणून वरचे पैसे मी माझ्या पगारातून घालायला लागले. आणि हे लिहितानासुद्धा मला बरं वाटतंय बघा, की पगारातून घातले. त्याचीच ढाल मी इतकी वर्षं पुढे धरत आले.

दोन महिने घातले. तिसऱ्या महिन्यात गावाहून फोन आला दुकानात. वाऱ्यानं घरावरचे पत्रे उडाले होते. भावाचा पत्ता नव्हता. माय फोनवर रडत नव्हती, नुसतं ‘‘तू जेवलीस का?’’ असं दोनदा विचारलं, आणि तेवढ्यात मला सगळं समजलं. त्या महिन्याचा पगार मी सगळा गावाकडे पाठवला. मग काकीचे ठरलेले पैसे मुठीत घेऊन मेडिकलपुढे उभी राहिले.

संध्याकाळची गर्दी होती. मी चिठ्ठी पुढे केली, पैसे पुढे केले. शेठनी पैशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चांगला माणूस होता. हळू आवाजात म्हणाले, ‘‘पिवळ्या धरून एवढ्यात ह्या कंपनीच्या दहाच येतील. महिनाभराच्या पाहिजेत ना? दुसऱ्या कंपनीची देऊ का? साल्ट तेच आहे. फार स्वस्त पडते, एवढ्यात महिना निघेल.’’

साल्ट.

आठवीच्या इंग्रजीच्या पुस्तकाच्या शेवटी शब्दांची यादी होती. शुगर म्हणजे साखर, साल्ट म्हणजे मीठ. मला ज्या थोड्या शब्दांची पक्की खात्री होती, त्यातला तो एक. मीठ असलेली गोळी! डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, बरणी माझ्या पेटीत कुलपात आहे, आणि हा माणूस मिठाची गोळी द्यायला निघालाय, म्हणून तर एवढी स्वस्त. ‘साल्ट तेच आहे’ म्हणजे काय, असं एक वाक्य विचारायचं होतं. एकच. मागे उभी असलेली बाई कॉलेजातली प्राध्यापिका असावी, तशी साडी, तसा चष्मा. तिच्यापुढे मी काय विचारणार? आमची घाटीण इंग्लीस वाचते. मी आपली ऐटीत म्हणाले, ‘‘नको. आम्ही साल्टवाली घेत नाही. ह्याच दहा द्या.’’

शेठ क्षणभर गोंधळले, काही बोलणार होते, पण त्या बाईनं तिची चिठ्ठी पुढे सरकवली. कच्‌. दहा गोळ्या कागदी पुडीत. मी घरी आले ती जणू काकीचा जीव वाचवून आले.

दिवसाला दोन गोळ्या, म्हणजे दहा गोळ्या पाच दिवसांच्या. त्या पुरवायच्या कशा? काकीला सांगावं तर ती सगळंच बंद करणार. मला सरकारी दवाखान्यातून अशक्तपणावर ताकदीच्या गोळ्या मिळाल्या होत्या, चघळायच्या, पांढऱ्या, जवळजवळ तेवढ्याच आकाराच्या. त्यांची अख्खी बाटली पेटीत पडून होती, बरणीच्या शेजारी. मी तीन दिवसांतून एकदा खरी गोळी द्यायची आणि बाकीच्या वेळी ताकदीची. मनाला सांगायची, ताकद तर येईल. पुढच्या पगाराला सगळं सुरळीत करू. माझ्या हातावरून गोळी उचलून काकी तोंडात टाकायची, वर पाणी प्यायची. एकदोनदा थांबून माझ्याकडे बघितलं तिनं. मला वाटलं, धाप लागली असेल.

खऱ्या गोळ्या सोडून मी तिला खोट्या देत होते, आणि दुकानातली स्वस्त पण खरी गोळी मी मिठाची समजून नाकारून आले होते. हे असं उलटंसुलटं आता लिहायला सोपं आहे.

पंधरा-वीस दिवसांत काकीचे पाय सुजले. चपला चढेनात. मग पोटऱ्या, मग चेहरा. एका दुपारी हातातलं सूप खाली ठेवून ती उंबऱ्यावर बसली आणि तिला उठताच येईना, छातीतून नुसता घरघर आवाज. शेजारच्यांनी रिक्षा आणली. डॉक्टरांनी तपासलं, बोटानं पाय दाबून पाहिला, खड्डा तसाच राहिला. त्यांचा चेहरा बदलला. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘गोळ्या वेळेवर देतेस?’’

‘‘हो.’’

‘‘रोज? दोन्ही वेळा?’’

‘‘हो, रोज.’’

‘‘मग एवढं पाणी साठलं कसं? मीठ खातात का ह्या?’’

खोलीत पंख्याचा आवाज होता. काकी बाकावर टेकून बसली होती, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली, डोळे उघडे. ती ऐकत होती. आणि मी म्हणाले, ‘‘खात असतील डॉक्टर. मला चोरून खात असतील. मी दिवसभर कामाला असते ना.’’

बरणी ठेवलेल्या पेटीची चावी माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात होती. तेव्हाही होती.

डॉक्टर काकीवर रागावले. आजी, जीव प्यारा नाही का, असं कसं करता, एवढी पोरगी तुमच्यासाठी राबते, वगैरे. काकीनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. काकी नाकाची नळी सावरत म्हणाली, ‘‘खाल्ला आसंन. म्हातारी हाय, जीब ऐकत नाय.’’

मी पंचेचाळिशी ओलांडली आता. माझी स्वतःची मुलगी फार्मसीला आहे. माणसाच्या हातून चूक होते, अज्ञानानं होते, गरिबीनं होते, ते सगळं ठीक. पण मी ज्या शरमेबद्दल लिहायला बसले ती गोळ्यांची नाही. ती त्या वाक्याची आहे. त्या वाक्याला ना गरिबीचं कारण होतं, ना अज्ञानाचं. मिठात वाढलेली बाई मिठाशिवाय जेवत होती, माझ्या शब्दावर, आणि मी तिला चोर ठरवलं.

चार दिवस काकी दवाखान्यात होती. मुलगा आला, बिल भरलं, फोनवर बोलत बोलत गेला. जाताना मला म्हणाला, ‘‘तू आहेस म्हणून आईचं चाललंय.’’ मी मान डोलावली. घरी जाताना डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, त्याच गोळ्या. मुलानं दिलेले पैसे घेऊन मी पुन्हा त्या मेडिकलमध्ये गेले. या वेळी दुपार होती, दुकान रिकामं. शेठ चिठ्ठी बघून म्हणाले, ‘‘काकींना बरं नव्हतं म्हणे? काय झालं?’’

मी म्हणाले, ‘‘पाणी साठलं.’’

‘‘आणि गोळ्या? त्या दिवशी तू दहाच नेल्यास. मला नंतर वाटलं, हाक मारायला हवी होती. स्वस्तातली का नाही घेतलीस गं? साल्ट तेच होतं म्हणालो ना.’’

मी बोलून गेले. ‘‘त्यांना मीठ बंद आहे काका.’’

शेठनी कात्री खाली ठेवली. मला वाटलं, आता हसतील. हसले असते तर बरं झालं असतं. ते काउंटरच्या बाहेर आले, दोन्ही पट्ट्या माझ्यापुढे धरल्या, महागाची आणि स्वस्ताची, आणि त्यांच्यावरच्या बारीक अक्षरांवर नख ठेवून म्हणाले, ‘‘हे बघ. मोठ्या अक्षरात आहे ते कंपनीनं ठेवलेलं नाव. हे बारीक अक्षरातलं आहे ते औषध. दोन्हीवर एकच आहे की नाही? वाच.’’ मी एकेक अक्षर लावून वाचलं. एकच होतं. ‘‘ह्याला आम्ही धंद्यात साल्ट म्हणतो. मिठाशी काही संबंध नाही बाळ. मीच मराठीत सांगायला पाहिजे होतं.’’

त्यांनी चूक स्वतःवर घेतली. तेही मी घेऊ दिलं.

स्वस्ताच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आल्या, वर पैसे उरले. टपाल नाक्यावरून गावठाणापर्यंत चालत आले. वाटेत ठरवलं होतं, सगळं सांगायचं. साल्टचं, ताकदीच्या गोळ्यांचं, डॉक्टरांपुढे बोललेल्याचं. वाक्यं जुळवत आले. काकी ओटीवर बसली होती, पाय उशीवर, समोर भाजीला आणलेला शेवग्याच्या शेंगांचा जुडगा. मी गोळ्यांची पुडी ठेवली. तिनं एक गोळी काढून पाण्याशिवायच जिभेवर ठेवली, मिठाचा खडा ठेवायची तशी. जरा वेळ थांबली.

‘‘हं,’’ कडू तोंड करून म्हणाली. ‘‘ही करू हाय. ही खरी.’’

मी खाली बसले.

‘‘ती गोड लागायची गो,’’ काकी म्हणाली, शेंग मोडता मोडता. ‘‘मंगले, माजी जीब हाय ही. समिंदराचा पानी कई उतरला ते मी चाखून सांगायची. तुला वाटला मना गोली कलनार नाय?’’

‘‘काकी, तुम्ही बोलला का नाहीत मग?’’

‘‘काय बोलू? तुज्या घराचं पत्रं उरालं, हे तुज्या बिलाउजच्या दुकानवाल्या बाईनं सांगितलान मना. म्हटला, पोरीला पैसं लागलं आसतील. गोलीचं पैसं तिनं आयला पाठवलं आसतील. माज्याकरं मागाला लाजली.’’ तिनं शेंगेचा दोर ओढून काढला. ‘‘मी तरी काय केला आसता तुज्या वयात? तोच केला आसता.’’

ती मला चोर समजत होती. आणि चोर समजून रोज माझ्या हातावरची गोड गोळी मुकाट्यानं गिळत होती, पाय सुजत असताना. डॉक्टरांपुढे मिठाचा आळही तिनं त्याच हिशेबात घेतला होता.

आता सांगायचं होतं. आता फक्त एवढंच म्हणायचं होतं की काकी, मी पैसे घेतले नाहीत, मी गोळी घ्यायला घाबरले, मला साल्टचा अर्थ कळला नाही, आणि तुमच्यावर आळ घातला तो मला वाचवायला. तेवढ्यात शेजारची बाई हातात कसलासा कागद घेऊन ओट्यापाशी आली. काकी तिला म्हणाली, ‘‘दे तो इकरं. आमची शिकलेली हाय ना बसलेली. ती वाचंन.’’ तिच्या आवाजात तोच जुना तोरा होता, चार दिवसांच्या दवाखान्यानं जराही न उतरलेला. चोरी तिनं माफ केली होती. पण जी शिकलेली म्हणून ती मला मिरवत होती, ती शिकलेली नाहीच, हे ऐकून तिचा चेहरा कसा होईल, ते बघायची माझ्यात हिंमत नव्हती.

मी कागद वाचला. पाणीपट्टीचा होता. जे कळलं ते सांगितलं. पहिल्यांदाच, एका शब्दापाशी थांबून म्हणाले, ‘‘हा शब्द मला येत नाही. विचारून सांगते.’’ शेजारीण गेली. काकीनं ते ऐकलं की नाही कोण जाणे.

मग ती म्हणाली, ‘‘मंगले, पैसं पोचलं ना तुज्या आयला?’’

मी म्हणाले, ‘‘पोचले काकी.’’

‘‘मग बस झाला,’’ ती म्हणाली, आणि शेंगांचा जुडगा माझ्यापुढे सरकवला.

त्यानंतर काकी सात वर्षं जगली, त्याच स्वस्ताच्या गोळ्यांवर. माझं लग्न त्याच चाळीच्या अंगणात झालं. तिच्या शेवटच्या आजारातही मी जवळ होते. सांगायला सात वर्षं होती माझ्याकडे. कधी वाटायचं, ती विसरली असेल. कधी वाटायचं, आता सांगून माझंच मन हलकं होईल, तिला काय मिळेल? अशी कारणं माणसाला बरोबर सुचतात.

माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मी त्याच मेडिकलमधून घेते. आता शेठचा मुलगा बसतो. पट्टी हातात आली की मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचते, ओठ हलवत, मागे कितीही रांग असू दे. परवा एक पोरगी माझ्यापुढे उभी होती, हातात चुरगळलेली चिठ्ठी. पोरगा तिला म्हणाला, ‘‘दुसऱ्या कंपनीची देऊ? साल्ट तेच आहे.’’ तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळेना. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा मोठ्यानंच त्याला विचारलं, ‘‘साल्ट म्हणजे काय रे? मला कळलं नाही. मराठीत सांग.’’

तो हसला. ‘‘मावशी, तुम्ही दर महिन्याला हेच विचारता.’’

‘‘विचारते,’’ मी म्हटलं. ‘‘तू सांग.’’

मीठ मी कमीच खाते. काकीची बरणी स्वयंपाकाच्या ओट्यावर असते, झाकण न लावता.